कोंबडी मान टाकण्याआधी

कोंबडी काखेत धरून दवाखान्यात गेले तर लोक हसतात, ही पेण-रोह्याकडच्या भगिनींची नेहमीची तक्रार. बैल लंगडला तर घरातले सारे धावतात, म्हैस चारा खाईना तर डॉक्टरांना निरोप जातो. पण तीन-चार वर्षे अंगणात वावरलेली, हाक मारली की ओटीवर येणारी कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसली, की घरातूनच सल्ला मिळतो, "कापून टाक." बाईचा जीव मात्र तुटतो. यात नुसती माया नसते. त्या कोंबडीच्या अंड्यांवर मुलांच्या वह्या आलेल्या असतात, आणि अंगणातली पुढची पिलावळही तिचीच असते.

हसणाऱ्यांना हसू द्यावे. पण बहिणींनो, डॉक्टरांची अडचणही ध्यानात घ्या. तालुक्याला गावे-वाड्या पुष्कळ, एक वाट खारेपाटातली तर दुसरी डोंगरातली. हल्ली १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरते पथक बोलावता येते, ही सोय चांगली आहे. तिचा उपयोग जरूर करावा. तरीही पाखरू डॉक्टरांपुढे पोहोचते तेव्हा बहुतेक वेळ टळून गेलेली असते. रानात दुबळे दिसणाऱ्या पाखरावर ससाण्याची झडप आधी पडते, म्हणून आजार लपवणे हा पाखरांचा जन्माचा स्वभाव आहे. कोंबडी आजारी असली तरी चारचौघींत उभी राहून दाणे टिपल्यासारखे करते. ती उघड आजारी दिसू लागली, म्हणजे आजार आतून बराच पुढे गेला असे समजावे.

तेव्हा पाहायचे ते आधी. सकाळी खुराडे उघडताना दोन मिनिटे तिथेच उभे राहा. शेवटी कोण बाहेर येते? कुणाचा तुरा काळपट पडला आहे? श्वास घेताना कुणाची शेपटी वर-खाली होते, चोच उघडी राहते? खुराड्यातली घाण हिरवी-पाण्यासारखी आहे का? रात्री गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपून पाहावी. दिवसभर चरलेल्या कोंबडीची ती भरलेली लागते. रिकामी लागली तर त्या दिवशी ती जेवलेली नाही. एवढे तर कुणीही सांगू शकेल, त्याला डॉक्टर लागत नाही.

आपल्या भागात सगळ्यांत मोठा घात करते ती मानमोडी. हिलाच राणीखेत म्हणतात. १९२६ साली इंग्लंडात न्यूकॅसल शहराजवळ ही साथ ओळखली गेली, आणि पुढे दोनएक वर्षांत कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला. नाव तिथून आले. बिचाऱ्या गावाची उगीच बदनामी. हा विषाणूचा रोग आहे. एकदा जडला की त्यावर औषध नाही. दुकानातून आणलेली पिवळी पूड पाण्यात कालवून पाजली तरी मानमोडी हटत नाही, पैसे मात्र जातात. लस न टोचलेल्या कळपात हा रोग शिरला तर आठवड्याभरात खुराडे ओस पडू शकते.

लस आहे, जुनी आहे, भरवशाची आहे. पिलू पहिल्या आठवड्यात असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांची तलंग झाली की आर-टू-बी लसीची सुई. पुढे केव्हा टोचायचे ते डॉक्टर सांगतील. मग अडते कुठे? अडते बाटलीपाशी. लसीच्या छोट्या बाटलीतही शंभर कोंबड्यांची लस असते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोनएक तासांत संपवावी लागते. उन्हात तर ती फुकट जाते. आपल्या घरी कोंबड्या सात! सात कोंबड्यांसाठी बाटली कोण फोडणार, आणि उरलेल्या त्र्याण्णवांचे काय करणार? कोंबडीला वैद्य मिळत नाही म्हणतो त्याचे निम्मे कारण हे आहे.

यावर उपाय गावातच आहे. सात-सात कोंबड्यांची पंधरा घरे एका दिवशी एकत्र आली की बाटली पुरी खपते. बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढावा. कुणाकडे किती पिल्ले, किती मोठ्या, याची यादी करून दवाखान्यात द्यावी आणि दिवस मागून घ्यावा. सात कोंबड्यांसाठी येणे ज्यांना परवडत नाही ते शंभरांसाठी येतात. आदल्या रात्री सगळ्या कोंबड्या खुराड्यात कोंडून ठेवाव्यात, नाही तर सकाळी निम्मा वेळ त्यांच्यामागे धावण्यात जातो. आफ्रिकेत मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावच्या बायकाच थेंब टाकायला शिकल्या आहेत. तिथे थोडी ऊब सोसणारी लस वापरतात आणि कोंबडीमागे थोडे पैसे घेतात. आपल्याकडच्या मुली शिवण शिकतात, त्यांना हे जड आहे का?

दिवस ठरवताना आपले पंचांग पाहावे. हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या कारखान्यांची घाई सुरू झाली की बायकांना मान वर करायला फुरसत नसते. थंडीत पोपटीचे दिवस आले की गावठी कोंबड्या इकडच्या तिकडे जातात, आणि आषाढात गटारीच्या आधी तर व्यापाऱ्यांच्या डालग्यांतून गावोगावच्या कोंबड्या एकमेकींना भेटतात. रोगाला याहून सोपी वाट कोणती? म्हणून ही घाई लागण्यापूर्वी टोचून घ्यावे. बाजारातून किंवा माहेराहून आलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी, मग कळपात सोडावी.

एवढे करूनही एखादी आजारी पडतेच. तिला लगेच बाजूला करावे. आजारी पाखराला पहिली गरज उबेची. पूर्वी पिवळ्या दिव्याखाली टोपली ठेवली की काम होई. आताच्या एलईडीचा उजेड पडतो, ऊब नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवावी. पाणी, थोडा गूळ घातलेले, वाटीत समोर ठेवावे. चोच उघडून ओतू नये. ते श्वासनळीत जाते आणि पाखरू आपल्याच हातांनी जाते. भांडी वेगळी, आणि तिचे करायचे ते इतरांचे झाल्यावर.

पिंजऱ्यातल्या बजरीगरसारख्या पाखरांनाही हेच लागू आहे, पण ते पाखरू मूठभर, त्याला उपाशी एक दिवसही काढवत नाही. अशांसाठी परळचा जनावरांचा दवाखाना गाठावा लागतो. जवळच १८८६ सालापासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या रानातला पोपट पाळायला मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. घरट्यातून पडलेले पिलू सापडले तर १९२६ वर वनखात्याला कळवावे.

एकापाठोपाठ दोन-तीन कोंबड्या गेल्या तर उरलेल्या घाईघाईने विकू नयेत, कापून खाऊ नयेत, मेलेल्या खाडीत टाकू नयेत. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तो लांबचा वाटला होता. २०२५ च्या जानेवारीत तो उरण तालुक्यातल्या चिरनेरला निघाला. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नये, मुलांना लांब ठेवावे, आणि त्याच दिवशी दवाखान्याला कळवावे. तपासणीचे नमुने घेणे त्यांचे काम. ते सांगतील तेव्हाच खोल खड्डा करून चुना टाकून पुरावे. एक कोंबडी मेली तर तुमचे हसे होईल कदाचित. चार मेल्या तर सरकारी माणूस स्वतःहून ऐकून घेतो.

खुडूक कोंबडी बसवण्याबद्दल पुढील अंकी लिहू. तोवर घरातल्या पिल्लांची यादी करून ठेवा.