खूण पाळावी, पण नंतर विचारावे



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी 'माझे मत' लिहायला सांगितले. कुणी झाडांवर लिहिले, कुणी स्वच्छतेवर लिहिले. मी सॉफ्टबॉलवर लिहिते. कारण माझ्या बाबतीत एक गोष्ट झाली आणि ती अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्यातली काही मुले-मुली शनिवारी सकाळची शाळा सुटली की हायस्कूलच्या मैदानावर जातो. तिथले सर आम्हाला सॉफ्टबॉल शिकवतात. पुष्कळ पालकांना हा खेळ माहीत नाही. माझ्या आजीला तर तो विटीदांडूच वाटतो. म्हणून आधी थोडी माहिती सांगते.

हा खेळ १८८७ साली अमेरिकेत शिकागो शहरात सुरू झाला. तेव्हा म्हणे झाडूचा दांडा ही बॅट होती आणि मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला होता. १९९६ साली मुलींचा सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळला गेला. एका संघात नऊ खेळाडू असतात. पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकते. बॅटर तो मारते आणि तीन बेस पळत पळत पार करून परत होम प्लेटवर येते. मग एक धाव होते.

चेंडू प्लेटवरून आणि साधारण छातीपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीतून आला आणि आपण मारला नाही, तर ती स्ट्राइक. मारायला गेलो आणि हुकला, तरी स्ट्राइकच. तीन स्ट्राइक झाल्या की बाद. पण चेंडू त्या जागेच्या बाहेरून गेला आणि आपण बॅट फिरवली नाही, तर त्याला 'बॉल' म्हणतात. चार बॉल झाले की पहिला बेस फुकट मिळतो.

आता माझी गोष्ट ऐका. मी वर्गात सगळ्यांत बुटकी आहे. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. बुटक्या मुलीची छाती ते गुडघा ही जागा कमी असते, म्हणून पिचरला तिथून चेंडू टाकणे अवघड जाते. सर तिसऱ्या बेसजवळ उभे राहून खुणा करतात. त्यांनी टोपीला हात लावला की 'बॅट फिरवू नको' असा अर्थ होता. (आता ती खूण बदलली आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.)

शेजारच्या गावच्या मुलांशी आमचा सामना होता. माझी पाळी आली तेव्हा तिन्ही बेसवर आमची मुले होती. सरांनी टोपीला हात लावला. मी नुसती उभी राहिले. चार बॉल झाले. मी पहिल्या बेसवर गेले, सगळे एकेक बेस पुढे सरकले आणि एक धाव मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मला वाटले, मी काय केले? काहीच नाही केले.

दुसऱ्या वेळी पिचर बदलली होती. ती नेमकी टाकत होती. पहिली स्ट्राइक झाली. मी सरांकडे पाहिले. टोपीला हात. दुसरी स्ट्राइक झाली. परत टोपीला हात. तेवढ्यात माझे बाबा बाहेरून ओरडले, "अगं मार की! बघत काय उभी राहिलीस?" आता मी कुणाचे ऐकू? तिसरा चेंडू आला आणि मी बॅट अर्धीच फिरवली. ना सरांचे ऐकले, ना बाबांचे. मी बाद झाले. कुणीतरी म्हणाले, "बुजगावणं आहे नुसतं." सगळे हसले.

पुढचे दोन शनिवार मी पोट दुखते म्हणून सांगितले. आईला ते खोटे कळले. बाबा म्हणाले, "त्या सरांना काय कळतंय? मीच जाऊन बोलतो." मला त्याने आणखीच रडू आले. मग आजीने विचारले, "सरांनी तसं का सांगितलं, ते तू त्यांना विचारलंस का?" मी म्हणाले, "नाही." आजी म्हणाली, "मग विचारल्याबिगर कसं कळायचं?"

तिसऱ्या शनिवारी खेळ संपला. सर बॅटी पिशवीत भरत होते. बाकीची मुले पाणी प्यायला गेली होती. मी जवळ जाऊन विचारले, "सर, मला बॅट का फिरवू दिली नाही?" मला वाटले सर रागावतील. पण सर तिथेच खाली बसले. ते म्हणाले, "पहिल्या पिचरचे चेंडू सारखे बाहेर जात होते. उभं राहून धाव मिळत असेल तर बॅट कशाला फिरवायची? दुसरी पिचर पण तशीच टाकेल असं मला वाटलं. एक स्ट्राइक झाल्यावर मी खूण बदलायला पाहिजे होती. ते राहून गेलं." मग ते म्हणाले, "आता दर शनिवारी तुला दहा चेंडू मारायला देईन. पण सामन्यात खूण माझीच."

मला बरे वाटले. पण माझे मत पूर्ण बदलले नाही. मला वाटते की, बुटक्या मुलांना प्रत्येक वेळी उभे करून ठेवू नये. धाव मिळते हे खरे, पण त्यातून फक्त उभे राहायला शिकतो. उद्या आम्ही उंच होऊ. तेव्हा मारता आले नाही तर आम्हाला कोण खेळवील? गावागावांतल्या साध्या सामन्यात तरी प्रत्येकाला एक पाळी मोकळी मिळावी. हरलो तरी चालेल.

मग कुणी म्हणेल, सरांची खूण पटली नाही तर मोडून टाकावी. तसे नाही. त्याची पण एक गोष्ट सांगते.

आमच्यातलाच एक मुलगा खूप जोरात मारतो. एकदा त्याला सरांनी बंटची खूण केली. बंट म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता अडवून पुढ्यात पाडायचा. त्याला ते आवडले नाही. त्याने जोरात बॅट फिरवली आणि चेंडू पार बाभळीपर्यंत गेला. धाव झाली. पोरांनी त्याला उचलले. पण सरांनी पुढच्या डावात त्याला बाहेर बसवले. सगळे म्हणाले, सर चुकले.

मी तेव्हा तिसऱ्या बेसजवळ चेंडू गोळा करायला बसले होते, म्हणून मी नीट पाहिले. ती खूण एकट्या त्याला नव्हती. तिसऱ्या बेसवरच्या ताईलाही होती. तो बंट मारणार म्हणून पिचरच्या हातातून चेंडू सुटल्याबरोबर ती होम प्लेटकडे पळत सुटली होती. त्याने मारलेला चेंडू तिच्या खांद्यावरून गेला. तोंडावर लागला असता तर? आणि त्याचा चेंडू हुकला असता तर ती आयतीच बाद झाली असती. म्हणून ऐन वेळी खूण मोडू नये. आपल्याला एकच खूण दिसते, पण तिच्यावर दुसरे कुणीतरी पळत असते. सरांनी त्याला बसवले ते मला बरोबर वाटते. पण का बसवले ते त्याला सोमवारपर्यंत सांगितले नाही, ते बरोबर वाटत नाही. दोन दिवस तो उगाच रागात राहिला.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, मला काय वाटते ते सांगते.

पहिली गोष्ट. पाळी चालू असताना खूण पाळा. अर्धे ऐकणे सगळ्यांत वाईट. खूण समजली नाही तर पंचांना हात दाखवून थांबा आणि सरांना परत विचारा.

दुसरी गोष्ट. पटले नाही तर त्याच दिवशी किंवा पुढच्या खेळाला विचारा. सगळ्यांच्या देखत नाही, एकट्याने. "तुम्ही चुकलात" असे म्हणू नका. "असे का केले?" असे विचारा. एकट्याने भीती वाटली तर कप्तानाला बरोबर घ्या.

तिसरी गोष्ट. खूण पाळून कुणी बाद झाला तर त्याला हसू नका. तो सांगितलेले काम करत होता. बुजगावणे तर मुळीच म्हणू नका. ते शब्द घरी जाऊन झोपताना परत ऐकू येतात.

चौथी गोष्ट वेगळी आहे. हेल्मेट नसताना बॅटिंगला उभे राहायला सांगितले, हात दुखत असताना खेळायला लावले, किंवा कुणी मारले, तर ती खेळातली खूण नव्हे. तिथे थांबायचे आणि घरी त्याच दिवशी सांगायचे.

आता पालकांना एक विनंती. लहान तोंडी मोठा घास घेते, रागावू नका. आम्ही बॅट धरून उभे असताना बाहेरून "मार, मार" ओरडू नका. आम्हाला तिथे एकच आवाज पुरतो. टाळ्या वाजवा, त्या आवडतात. घरी गेल्यावर सरांना आमच्यासमोर नावे ठेवू नका. कारण शनिवारी आम्हाला परत त्यांच्याकडूनच शिकायचे असते. आजीसारखे नुसते विचारा, "तू त्यांना विचारलंस का?"

आणि शिकवणाऱ्या सरांना मी एवढेच म्हणते की, आम्ही विचारले तर तो उद्धटपणा नसतो. कारण कळले की पुढच्या वेळी खूण पाळायला जड जात नाही.

हा लेख मी हायस्कूलच्या सरांना आधी दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "लाव." बाबांनीही वाचला. ते काही बोलले नाहीत, पण मागच्या शनिवारी मैदानावर आले आणि गप्प बसून होते. मी दहापैकी तीन चेंडू मारले. एक बाभळीच्या निम्म्यापर्यंत गेला.

तुम्हाला माझे मत पटले नसेल तर तुमचे मत कागदावर लिहून बाईंकडे द्या. पुढच्या भित्तिपत्रकात तेही लावू.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी