लघुचित्रपट : काय पाहावें व कसें शोधावें

लघुचित्रपट म्हणजे मोठ्या चित्रपटाचें धाकटें भावंड, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक वडीलपणाचा मान लघुचित्रपटाकडेच जातो. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिए बंधूंचीं जीं चित्रें दाखविण्यांत आलीं, त्यांतलें प्रत्येक जेमतेम मिनिटभराचें होतें. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला तो १९१३ सालीं. पण त्याच्या आदल्या वर्षीं, द्रव्यसाहाय्य करणारांची खात्री पटावी म्हणून, वाटाण्याच्या दाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल कसा होतो याचें एक छोटें चित्र त्यांनीं तयार केलें होतें. तेव्हां दहाबारा मिनिटांचें चित्र म्हणजे कांहीं तरी अपुरें, असें मानण्याचें कारण नाहीं. महाकाव्य साधत नाहीं म्हणून कोणी मुक्तक लिहीत नाहीं. अमरुकवीच्या मुक्तकांना प्रबंधाची योग्यता देणारा आनंदवर्धन कांहीं अरसिक नव्हता.

आज हीं चित्रें घरबसल्या पाहावयास मिळतात. अडचण आहे ती निवडीची. यूट्यूबवर नुसतें 'शॉर्ट फिल्म' असें लिहिलें असतां जें पुढें येतें, तें बहुधा भडक मथळ्याचें आणि चारचौघांत उघडावयास संकोच वाटेल असें असतें. शिवाय 'शॉर्ट्स' या नांवानें जे उभे तुकडे एकामागून एक धांवत असतात, ते निराळे. त्यांचा व लघुचित्रपटाचा संबंध नांवापुरताच. म्हणून शोध घेतांना चित्रपटाचें नांव, दिग्दर्शकाचें नांव व साल हीं तिन्ही लिहावीं. चित्र ज्या संस्थेनें काढलें तिनें स्वतः तें ठेवलें असेल, तर तीच प्रत पाहावी. परक्यानें चढविलेल्या प्रतींत कधीं संगीत बदललेलें असतें, कधीं शेवटच उडालेला असतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी दर वेळीं प्रसिद्ध होते, तींत कथाचित्रपटांखेरीज इतर चित्रांचा स्वतंत्र विभाग असतो. वर्तमानपत्रवाले त्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत, पण चोखंदळ प्रेक्षकाला एवढी दुसरी चांगली वाटाडी नाहीं. आणि एक चित्र आवडलें कीं त्याच दिग्दर्शकाचें दुसरें शोधावें. ग्रंथालयांत आपण असेंच करीत आलों आहों.

प्रथम कोणतें पाहावें, असें कोणीं विचारल्यास आम्ही सत्यजित राय यांच्या 'टू' या १९६४ सालच्या चित्राचें नांव घेऊं. तें एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेकरितां काढलेलें, कृष्णधवल, पाव तासाच्या आंतलें. आणि त्यांत संवाद असा एकही नाहीं. त्यामुळें आजीपासून नातवापर्यंत कोणालाही भाषेची अडचण पडत नाहीं. मोठ्या घरांत एक मुलगा खेळण्यांच्या ढिगाऱ्यांत एकटाच आहे. खिडकीबाहेर झोपडींतला एक मुलगा पांवा वाजवितो. हा आपली पिपाणी आणून त्याच्यावर ताण करतो. तो ढोलकें आणतो, तर हा खेळण्यांतलें माकड ढोल वाजवितांना दाखवितो. तो मुखवटा घालून नाचतो, तर हा एकापेक्षां एक मुखवटे चढवितो. खालचा मुलगा हिरमुसून जातो. थोड्या वेळानें खिडकींतून आकाशांत एक पतंग दिसतो. या मुलाजवळ सर्व कांहीं आहे, पण त्याच्या छपराखालीं पतंग उडत नाहीं. तो आधीं बेचकीनें नेम धरतो. तें साधत नाहीं, तेव्हां छऱ्यांची बंदूक आणतो. पुढचें ज्यानें त्यानें पाहावें. या चित्रांत कोणी कोणाला उपदेश करीत नाहीं, हें विशेष. श्रीमंत मुलगा दुष्ट नाहीं. तो एकटा आहे, आणि आपल्याजवळ आहे तें दुसऱ्याला दाखविण्यापलीकडे त्याला कांहीं सुचत नाहीं. एकत्र कुटुंबांतही आतां प्रत्येकाच्या हातांत निराळा पडदा असतो. तो मुलगा आपल्या ओळखीचा वाटला तर नवल नाहीं.

बर्ट हान्स्ट्रा या डच दिग्दर्शकाचें 'ग्लास' (१९५८) असेंच बोलण्यावांचून चालतें. कांच फुंकणारे कारागीर, त्यांचे फुगलेले गाल, नंतर कारखान्यांतील यंत्रें. एका बाटलीची मान तुटते, यंत्र मात्र आपल्या तालांत बाटल्या पुढें ढकलीतच राहतें, आणि अखेर माणसाचा हात लागतो. अवघीं दहाअकरा मिनिटें.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानें आपलीं पुष्कळ चित्रें स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेविलीं आहेत. त्यांत नॉर्मन मॅक्लॅरेन यांचें 'नेबर्स' (१९५२) हें आठ मिनिटांचें चित्र आहे. दोन शेजारी, मध्यें सीमेवर उगवलेलें एक फूल, आणि मग तें कोणाचें यावरून कुंपण, मारामारी व सर्वनाश. भाऊबंदकीची ज्यांना ओळख आहे त्यांना टीकेची गरज पडणार नाहीं. बाहुल्यांऐवजीं जिवंत माणसांनाच एकेका चौकटीनें हलवून तें काढलें आहे, म्हणून मुलांना प्रथम हंसूं येतें. परंतु पुढें बायकामुलांवर हात टाकण्याचा एक प्रसंग आहे. सबब वडील माणसांनीं तें आधीं एकदां पाहून ठेवावें.

आपल्याकडील फिल्म्स डिव्हिजन ही संस्था १९४८ सालीं निघाली व अलीकडे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली. मुख्य खेळापूर्वीं तिचीं चित्रें आमच्या पिढीनें चणे खात पाहिलीं. त्यांपैकीं एस. एन. एस. शास्त्री यांचें 'आय ॲम ट्वेंटी' (१९६७) घरांतील आजोबांसह पाहावें. १९४७ सालीं जन्मलेल्या तरुणतरुणींना त्यांत देशाविषयीं प्रश्न विचारले आहेत. त्यांचे समवयस्क आतां ऐंशीच्या घरांत आहेत.

मराठींत आम्ही सर्वांआधीं नागराज मंजुळे यांच्या 'पावसाचा निबंध' या चित्राची शिफारस करतों. २०१७ सालच्या चित्रांसाठीं दिलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत, कथाचित्रपटेतर विभागांतील उत्कृष्ट दिग्दर्शनाचें पारितोषिक त्याला मिळालें. शाळेंत मास्तर पावसावर निबंध लिहून आणावयास सांगतात. मुलगा घरीं निघतो तों पाऊस कोसळूं लागतो, घर गळतें, बाप दारूच्या नशेंत बाहेर पडलेला, त्याला आणावयाचें आहे. या सगळ्यांत निबंध लिहावा कोठें आणि केव्हां?

आम्हीं शाळेंत पावसाचे निबंध गठ्ठ्यांनीं तपासले. त्यांत मोर नाचे, इंद्रधनुष्य उमटे, कागदी होड्या सुटत व घरोघरीं भजीं तळलीं जात. गळकें छप्पर क्वचितच. आपलें पर्जन्यवर्णन बरेंचसें कोरड्या जागीं बसून केलेलें आहे. मृच्छकटिकांतील वसंतसेना वादळांत भिजते खरी, पण ती प्रियकराकडे निघालेली असते. या चित्रांतला पाऊस अंथरुणांत शिरतो, वहीवर गळतो. आणि तरी दिग्दर्शकानें तो कुरूप केलेला नाहीं. डोंगर हिरवे आहेत, धुकें रम्य आहे. सौंदर्य आणि हाल एकाच ठिकाणीं उभे आहेत, आणि मुलाला वहींत त्यांपैकीं एकच लिहावयाची परवानगी आहे.

"असलें दारिद्र्य मुलांना कशाला दाखवावें?" असा आक्षेप आपल्याच घरांतून निघेल. आमचें उत्तर असें कीं, तो मुलगा त्यांच्याच वयाचा आहे, त्यांच्याच भाषेंत शिकतो, आणि निबंधाचा विषयही त्यांचाच आहे. त्याच्याकडे पंचवीस मिनिटें पाहिल्यानें कोणाचें बाल्य करपत नाहीं. चित्र संपल्यावर मुलांना लगेच 'काय शिकलांत?' असें विचारूं नये, एवढें मात्र पाळावें. तीं आपण होऊन बोलतील, कदाचित् दुसऱ्या दिवशीं.

अशीं चित्रें मोठ्या पडद्यावर, सर्वांनीं मिळून पाहावीं. एक संपतांच दुसरें आपोआप सुरूं होण्याची जी सोय यंत्रांत असते, ती आधींच बंद करावी. आणि स्वयंपाकघरांतील मंडळी कामांत असतांना चित्र लावूं नये. दिवेलागणीनंतर, पानें घेण्यापूर्वीं, त्यांना बाहेर बोलावून मग लावावें. आमटी निवली तर ती पुन्हां ऊन करतां येते.