घराला शोभेल ते फूल, देवाला रुचेल ते फूल

दसरा काढून घर लख्ख झाले, घटाची शेवटची माळ चढली, की गृहिणींपुढे प्रश्न उभा राहतो तो फुलांचा. किती फुले आणावीत, याचा विचार सारेच करतात. आपल्या वास्तूला कोणती शोभतील, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आमच्या मते तो अगत्याने व्हावयास हवा.

नगरकडील जुने वाडे पाहावेत. दगडी जोते, काळसर लाकडी खांब, बेताचा उजेड. अशा वास्तूत केशरी झेंडू उठून दिसतो. चौकटीवर आंब्याच्या डहाळीसह त्याचे तोरण चढले, की आणखी काही नको. सावेडीसारख्या उपनगरातील सदनिकेची गोष्ट निराळी. तेथे खोल्या आटोपशीर, देवघर कोनाड्याएवढे. माळांवर माळा टांगल्यास शोभेऐवजी दाटी होते. दारावर एक तोरण, पितळी घंगाळात पाण्यावर तरंगणारी मोजकी फुले आणि कोपऱ्यातील तांब्यात गुलछडीचे चार दांडे एवढे पुरे. भिंत गडद असेल तर पांढरी शेवंती ठेवावी, फिकट असेल तर पिवळी. जपानमधील इकेबाना ही पुष्परचनेची कला बुद्धापुढे फुले वाहण्याच्या प्रथेतून वाढली. तिच्यातही दोन दांड्यांमधील मोकळ्या जागेला फुलाइतकाच मान आहे.

मात्र दिवाणखान्याचा हा नियम देवघरास लावू नये. तेथे फूल हे सजावट नसून अर्पण असते. गीतेच्या ९ व्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावरच संतोष मानला आहे. अट घातली आहे ती भक्तीची. आपल्याच जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवींचे चित्र आठवावे. एवढ्या मोठ्या राज्याच्या त्या धनी. पण चित्रात त्यांच्या हाती दिसते ती शिवाची पिंडी.

आमचा खरा आक्षेप आहे तो प्लॅस्टिकच्या फुलांवर. ती कोणत्याही घरास जुळतात आणि कोमेजत नाहीत, असे त्यांचे गुण सांगितले जातात. परंतु जे कोमेजत नाही त्याचे निर्माल्य होत नाही, आणि ज्याचे निर्माल्य होत नाही ते वाहिले तरी कसे म्हणावे? शिवाय अकोळनेरसारख्या गावांतील शेतकरी सणाचा दिवस धरून झेंडू-शेवंतीची लागवड करतो. त्याचे फूल थांबून राहत नाही. भाव पडला, की फुलांचे ढीग बाजारातच टाकून रिकाम्या हाताने परतण्याची पाळी त्याच्यावर येते. आपण एकदा घेतलेली प्लॅस्टिकची माळ पुढील कित्येक दसऱ्यांना त्याच्या मालाकडे पाठ फिरविते.

दरवर्षी हा खर्च परवडावा कसा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वर आलेच आहे. घर पाहून फुले निवडली म्हणजे ती थोडी लागतात, आणि थोडी ताजी फुले कोणत्याही संसारास जड नाहीत.

सण सरल्यावर हे निर्माल्य पिशवीत बांधून सीना नदीत टाकू नये. दोरा काढून ते कुंडीतील अथवा परसातील मातीत मिसळावे. देवाला वाहिलेले फूल पुढच्या फुलाचे खत झाले, तर त्याहून मोठा प्रसाद कोणता?