गर्भाची पूजा, गर्भवतीची हेटाळणी

‘कल्की २८९८ एडी’ हा नाग अश्विन यांचा चित्रपट २७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. मूळ तेलुगू असलेल्या या चित्रपटाची हिंदी आवृत्ती महाराष्ट्रातही जोरात चालली. जगभरात मिळून त्याने हजार कोटींहून अधिक रुपये मिळवले. दृश्ये डोळे दिपवणारी आहेत, यात वाद नाही. आटलेली गंगा, उजाड काशी आणि तिच्या डोक्यावर अधांतरी लटकलेला उलट्या पिरॅमिडसारखा ‘कॉम्प्लेक्स’. सगळे पाणी, सगळी हिरवळ त्या कॉम्प्लेक्समध्ये, आणि खाली धूळ खाणारी माणसे. पण मैत्रिणींनो, मला बोलायचे आहे ते पडद्याविषयी कमी आणि पडद्यासमोर बसलेल्यांविषयी जास्त.

या कथेच्या मुळाशी काय आहे? ज्यांना गर्भ राहू शकतो अशा स्त्रिया पकडून कॉम्प्लेक्सच्या प्रयोगशाळेत आणल्या जातात. तिथे त्यांना नाव नसते, क्रमांक असतो. त्यांच्यात गर्भ रुजवला जातो आणि सत्ताधीश यास्किनला ताकद मिळावी म्हणून त्या गर्भातून सत्त्व काढले जाते. त्यात बाई मेली तर पुढचा क्रमांक. ‘सम-८०’ ही त्यांतलीच एक. पुढे तिला सुमती हे नाव मिळते. दीपिका पदुकोणने ती भूमिका केली आहे. गर्भाशयाचा कारखाना ही या कथेतली सर्वांत भयंकर गोष्ट आहे, आणि ती दाखवल्याचे श्रेय दिग्दर्शकाला दिलेच पाहिजे.

आता प्रेक्षकांनी कशाची चर्चा केली ते पाहा. आठवडेच्या आठवडे वाद रंगला तो कर्ण श्रेष्ठ की अर्जुन श्रेष्ठ याचा. महाभारतात फेरफार केला म्हणून काही जण संतापले. शिट्ट्या पडल्या त्या पाहुण्या नटांच्या दर्शनाला. कौतुक झाले ते नायकाच्या ‘बुज्जी’ गाडीचे. ही सहा टनांची गाडी खरोखर बनवून गावोगाव मिरवली गेली. तिला आवाज आहे बाईचा. नायकाशी बरोबरीने, चेष्टामस्करी करत बोलणारी बाई या चित्रपटात कोण, तर मोटार! आणि हा नायक चित्रपटभर काय करतो? बक्षिसाच्या रकमेसाठी, कॉम्प्लेक्समध्ये प्रवेश मिळावा म्हणून, तो पळालेल्या गरोदर बाईच्या मागावर असतो. ही गोष्ट किती जणांना खटकली? तो गमत्या आहे, तो ‘आपला’ नायक आहे, एवढ्यावर सगळे माफ.

प्रयोगशाळेतल्या बाकीच्या बायांचे पुढे काय झाले, हा प्रश्न तर कुणाच्या ओठांवर आलाच नाही. कारण चित्रपटही तो विचारत नाही. सुमती वाचायला हवी, कारण तिच्या पोटात अवतार आहे. तिच्यासाठी अश्वत्थामा लढतो, शंबालाची माणसे जीव देतात. ज्यांच्या पोटी देव नव्हता, त्या बायांसाठी कोण लढणार? सुमती आगीतून चालत जाते त्या दृश्याला लोकांनी डोक्यावर घेतले. बाईने अग्नीतून चालावे आणि आपण हात जोडावेत, ही सवय आपल्याला फार जुनी आहे. हे मूल तिला हवे आहे का, हे तिला एकदा तरी विचारले का, असा प्रश्न आमच्या वस्तीतल्या महिला मंडळात एका धुणीभांडी करणाऱ्या बाईने विचारला. वर्तमानपत्रांतली जी परीक्षणे मी वाचली, त्यांत तो मला सापडला नाही.

तुलनेसाठी जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (२०१५) आठवावा. तिथेही एका हुकूमशहाने मुले जन्माला घालण्यासाठी बाया कोंडल्या आहेत. पण त्या स्वतः पळतात, आपण कुणाच्या वस्तू नाही असे भिंतीवर लिहून जातात. गाडीचे चाक बाईच्या हातात असते. दुधासाठी जखडलेल्या बायाच शेवटी लोकांसाठी पाणी सोडतात. त्यावर अमेरिकेतल्या काही पुरुषवाद्यांनी बहिष्काराची हाक दिली होती. म्हणजे त्यांना निदान दिसले तरी की, हा चित्रपट बायांच्या सुटकेविषयी आहे. आपल्याकडे राग नाही, विरोध नाही, काहीच नाही. बाया दिसल्याच नाहीत.

बाया दिसल्या नाहीत, पण पोट मात्र दिसले. त्याच सुमारास दीपिका पदुकोण प्रत्यक्षात गरोदर होती. मे २०२४ मध्ये ती मुंबईत मतदानाला आली, तेव्हा तिचे पोट खोटे असल्याची कुजबुज समाजमाध्यमांवर सुरू झाली. जूनमध्ये याच चित्रपटाच्या कार्यक्रमाला ती उंच टाचांच्या चपला घालून आली, तर ‘हिला बाळाची काळजी नाही’ म्हणून उपदेशांचा पाऊस पडला. पडद्यावरच्या गर्भवतीपुढे हात जोडणारा समाज खऱ्या गर्भवतीचे पोट मापत होता, तिच्या टाचा मोजत होता.

कळस झाला सप्टेंबर २०२५ मध्ये. ‘कल्की’च्या पुढच्या भागात दीपिका पदुकोण नसेल, असे निर्मात्यांनी जाहीर केले. कारण सविस्तर सांगितले नाही, पण अशा चित्रपटाला बांधिलकी लागते, असा शेरा जोडला. त्याआधी काही महिने दुसऱ्या एका चित्रपटाच्या निमित्ताने, तिने आठ तासांचा दिवस मागितल्याच्या बातम्या गाजत होत्या. खरेखोटे त्यांच्या करारात असेल. आपला विषय प्रेक्षकांचा आहे. त्यांच्यातल्या अनेकांनी लगेच निकाल दिला : काम जमत नसेल तर घरी बसावे. पडद्यावरच्या आईसाठी डोळे पुसणाऱ्यांनीच खऱ्या आईला ही वाट दाखवली. अनेक नामवंत नट वर्षानुवर्षे आठच तास काम करतात, त्याची बातमी होत नाही, असे पुढे तिनेच बोलून दाखवले.

कुणी म्हणेल, ती कोट्यधीश नटी, तिच्यासाठी आपण का रडायचे? रडायचे नाहीच. पण जो नियम वरच्या बाईला लागतो, तो खालच्या बाईपर्यंत येताना शंभरपट कठोर होतो. त्याच सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत आणि दुकानांतील ९ वरून १० तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासच राहील, जादा कामाला कामगाराची संमती लागेल, हे खरे. पण मुकादमासमोर किंवा मालकासमोर उभी असलेली बाई ‘नाही’ म्हणू शकते का, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

आणि गर्भाशयाचा कारखाना पाहायला २८९८ सालापर्यंत थांबायची गरजच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. ८२,३०९ बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळी, गरोदरपण, अंगावरचे दुखणे या सगळ्याचा हिशेब खाड्यात होतो. कॉम्प्लेक्सला गर्भाशय हवे असते, फडाला ते अडचणीचे वाटते. दोन्हीकडे बाईची गिनती उत्पादनाच्या हिशेबात होते आणि निर्णय तिचा नसतो. मातृत्वाचा जयघोष करणारा समाज तेरा हजार बायांसाठी रांगा लावून तिकिटे काढत नाही.

‘अहो, ही करमणूक आहे, तिथेही तुमचे स्त्रीमुक्तीचे भिंग कशाला?’ हे आपण नेहमी ऐकतो. करमणूक जरूर असावी. आपल्या बायांनाही चित्रपट आवडतात, त्यांनीही तो पाहावा, शिट्ट्याही माराव्यात. पण अंधारात तीन तास बसून कशाला टाळी वाजवायची आणि काय पाहून न पाहिल्यासारखे करायचे, हेही माणूस शिकत असतो. बाई सहन करते तेव्हा ती देवी, बाई तास मोजते तेव्हा ती बेजबाबदार, हा धडा घराघरांत आधीच पाठ आहे. भव्य पडद्यामुळे त्याला झळाळी येते, एवढेच.

म्हणून बहिष्कार नको, चर्चा हवी. पुढचा भाग येईल तेव्हा गटाने एकत्र पाहा आणि नंतर तासभर बसा. विचारा : यातल्या किती बायांना नाव आहे? मूल हवे की नको, हे कोण ठरवते? सुटका एकीची झाली की सगळ्यांची? पडद्यामागे रंगभूषा, केशभूषा करणाऱ्या, गर्दीच्या दृश्यांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाया किती तास राबल्या? त्यांच्या लेकरांसाठी चित्रीकरणाच्या जागी पाळणाघर होते का?

आठ तासांचा दिवस, पगारी बाळंतपणाची रजा आणि पाळणाघर या मागण्या चळवळीने नटीसाठी केल्या नव्हत्या. गिरणीतल्या, शेतातल्या, विडी वळणाऱ्या बायांसाठी केल्या होत्या. आज एका नटीच्या निमित्ताने त्या मागण्यांची थट्टा होत असेल, तर आपण गप्प बसायचे कारण नाही. अवताराची वाट पाहणाऱ्यांनी खुशाल पाहावी. प्रयोगशाळेत उरलेल्या बायांची नावे विचारण्याचे काम आपल्यालाच करावे लागणार आहे.