इंग्रजी पहिलीपासून, पगार मात्र चौथ्या वर्षापासून!

सन २००० पासून सरकारने मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आणले. त्याच सुमारास नव्या मास्तरास 'शिक्षणसेवक' हे गोंडस नाव देऊन तीन वर्षे मानधनावर राबविण्याची रीत पाडली! प्राथमिकचे हे मानधन ६००० होते, ते २०२३ साली १६००० झाले. तीन वर्षांची अट मात्र कायम राहिली. मग ज्यास इंग्रजी चांगले येते तो नांदेड-लातुरातील शिकवण्या सोडून किनवट-जळकोटच्या खेड्यांत कशास येईल? आणि कुणब्याच्या पोराने इंग्रजी शिकावे कोणापाशी? १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे खेड्यातील मास्तरास निदान १२ रुपये पगार मागितला होता. आमचेही मागणे तेच: पहिल्या दिवसापासून पुरा पगार द्या. अर्धपोटी बैलाकडून खोल नांगरट होत नसते!