होनोलुलू ते ग्वाम : अंतर एक, वेळा दोन

१/ होनोलुलू आणि ग्वाम या प्रशांत महासागरातील दोन बेटांच्या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ६,१०० किलोमीटर. थेट विमानाला साधारण आठ तास लागतात. त्याच दोन टोकांमधील दुसऱ्या एका विमानाला मात्र चौदा तासांहून अधिक. या तफावतीचे उत्तर भूगोलापेक्षा इतिहासात अधिक सापडते.

२/ १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई विलीन करून घेतले आणि स्पेनकडून ग्वाम जिंकले. मिडवे १८६७ पासूनच तिच्याकडे होते. १८९९ मध्ये वेक आले. विमानाच्या जन्माआधीच विमानमार्गाचे टप्पे एका सत्तेच्या हाती आले होते.

३/ २२ नोव्हेंबर १९३५ रोजी पॅन अमेरिकन कंपनीचे ‘चायना क्लिपर’ हे सागरी विमान टपाल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि २९ नोव्हेंबरला मनिलाला पोहोचले. मुक्काम होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम. प्रत्यक्ष उड्डाण सुमारे ६० तासांचे. वेकवर मनुष्यवस्तीच नव्हती. तळाचे सारे साहित्य जहाजाने आणावे लागले.

४/ दक्षिणेकडील मार्शल आणि कॅरोलाइन बेटे मात्र पिढ्यान्‌पिढ्या नांदती होती. पण पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्यांचा कारभार जपानकडे सोपवला होता. परिणामी विमान निर्जन बेटावर उतरले आणि नांदती बेटे मार्गाबाहेर राहिली.

५/ दुसऱ्या महायुद्धानंतर ही बेटेही अमेरिकी विश्वस्त कारभाराखाली आली. १९४६ ते १९५८ या काळात बिकिनी आणि एनेवेटाक येथे ६७ अणुचाचण्या झाल्या. ‘एअर मायक्रोनेशिया’ची नागरी सेवा सुरू झाली ती १९६८ मध्ये. पोवळ्यांच्या खडीने विमान खरवडू नये म्हणून बोइंग ७२७ च्या पोटाला टेफ्लॉनचा लेप दिलेला असे.

६/ त्याच सेवेचा वारसा म्हणजे आजचे ‘आयलंड हॉपर’. थांबे : माजुरो, क्वाजालीन, कोस्राए, पोनपेई, चूक. क्वाजालीन हा लष्करी तळ आहे. परवानगीवाचून तेथे उतरता येत नाही.

७/ हौशी प्रवासी या विमानाकडे साहस म्हणून पाहतात. बेटवासीयांसाठी ते शिक्षणाची, नोकरीची, मोठ्या इस्पितळाची वाट आहे. एक फेरी रद्द झाली, तर रुग्णाला पुढच्या फेरीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

८/ थोड्या प्रवाशांसाठी इतके थांबे परवडत नाहीत, हा आक्षेप हिशेबाच्या दृष्टीने खोटा नाही. परंतु तो हिशेब अपुरा आहे. १९८६ च्या करारांनंतर मार्शल बेटे आणि मायक्रोनेशिया स्वतंत्र कारभार करू लागली, तरी त्यांच्या संरक्षणाचे अधिकार अमेरिकेकडेच राहिले. ज्या सत्तेला या बेटांचे स्थान मोलाचे वाटते, तिने तेथील माणसांच्या येण्याजाण्याचा भारही उचलला पाहिजे.

९/ थेट विमान वाचवते ते सहा तास ‘वाया गेलेले’ नाहीत. नकाशावरील रेषा पाच ठिकाणी माणसांपर्यंत पोहोचते, ती याच सहा तासांत.