घरचा मार आणि पोलिसांचें कर्तव्य

खेड्यांत रात्रीं नवरा दारू पिऊन बायकोला गुरासारखें बडवतो. शेजारी ११२ वर फोन करतात, पोलिसांची गाडी येते. शिपाई दारांतूनच म्हणतो, "बाई, घरचीं भांडणें चव्हाट्यावर कशाला आणतां?" नवऱ्याला तोंडी समज, बाईला सबुरीचा उपदेश, आणि गाडी परत! तिची धूळ खालीं बसते न बसते, तोंच दुप्पट मार सुरू होतो. याला म्हणे तडजोड!

शेजाऱ्याच्या बैलाचा पाय कोणीं मोडला, तर फौजदार पंचनामा करतो. मग शेतांत पुरुषाच्या बरोबरीनें राबणाऱ्या, मागावर कांड्या भरणाऱ्या बाईचें डोकें फुटलें, तर तोच घरगुती मामला कसा?

कायदा स्पष्ट आहे. हुंड्यासाठीं किंवा जिवाला धोका होईल असा सासरचा छळ १९८३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमांत आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. फिर्याद आईबाप वा भाऊ यांनाही देतां येते. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचें ५ वें कलम सांगतें कीं, संरक्षण अधिकारी, फुकट वकील व कोर्टाचा आदेश यांची माहिती पोलिसानें बाईला द्यावी. सातबाऱ्यावर नांव नसलें, तरी नांदत्या घरांत राहण्याचा हक्क १७ व्या कलमानें तिला आहे.

कोणी म्हणेल, सरसकट अटक करूं नका असें सुप्रीम कोर्टानेंच २०१४ सालीं बजावलें. खरें आहे, पण अटक न करणें वेगळें आणि फिर्यादच न लिहिणें वेगळें! शिपाई थोडे, काम फार, हेंही आम्ही जाणतों. पण बाईला तिचे हक्क सांगण्यास पलटण लागत नाहीं.

दोष एकट्या पोलिसाचाही नाहीं. 'नांदायला गेलीच पाहिजे' म्हणून आपल्या पंचांनीं किती मुली परत धाडल्या? पोलीस त्याच घरांत वाढला. ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला, तेव्हां जोतीराव त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. त्या जोतीरावांचें नांव घेणाऱ्यानें घरांत हात उगारूं नये.

भगिनींनो, फिर्याद लेखी करा, नक्कल फुकट मागून घ्या. ठाण्यांत घेत नसतील, तर पोलीस अधीक्षकांस टपालानें पाठवा. आणि बंधूंनो, तिच्याबरोबर चार जणांनीं ठाण्यांत जावें. एकट्या बाईला हाकलतां येतें, गांवाला नाहीं!